तोफेचं मनगट

तिला सगळे तोफ म्हणत. ती ड्रम वाजवायची आणि भांडायचीही, त्यामुळे हे नाव नेमकं कशावरून पडलं याबद्दल घरात दोन मतं होती. नवरा म्हणायचा, ड्रमवरून. नवऱ्याची मोठी बहीण काहीच म्हणायची नाही, नुसती हसायची. तोफेला स्वतःला दोन्ही कारणं मान्य होती.

भांडण तिने उगाच कधी उकरून काढलं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. भांडणंच तिचा पत्ता विचारत यायची. शाळेच्या बँडमध्ये मुलांनी ड्रम वाजवायचे आणि मुलींनी तो तारेचा त्रिकोण टिणटिणवायचा, असा नियम होता. नियम कोणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पाळायचे मात्र सगळे. तोफ ड्रमला मिठी मारून मैदानात बसली ती उठेचना. बँडमास्तर ओरडले, हेडबाई आल्या, शेवटी आईला बोलावणं गेलं. आईने मुलीकडे बघितलं, ड्रमकडे बघितलं आणि म्हणाली, "वाजवू द्या की. घरी माझे डबे बडवते, निदान ते तरी वाचतील." एवढ्यावर तो नियम मोडला.

पुढे ती वाद्यवृंदात वाजवायला लागली. लग्नाचे हॉल, नाटकांची थिएटरं, हॉटेलांमधली शनिवारची गाणी. ती ड्रमच्या मागे बसून स्क्रू आवळत असायची आणि व्यवस्थापक तिलाच येऊन विचारायचे, "बाई, ड्रमवाले कुठे राहिले?" वाजवून झालं की म्हणायचे, "बाईमाणसाच्या मानाने छान." या 'मानाने'वर तिने कितीतरी पुरुष झोडपले. शब्दांनीच झोडपले, पण वळ उठावेत असे.

अशाच एका हॉलमध्ये तिला साउंडवाला भेटला. तोवर भेटलेल्या प्रत्येक साउंडवाल्याने तिला एकच गोष्ट सांगितली होती: जरा हळू वाजवा. हा शिडशिडीत माणूस माइकचा स्टँड हातात धरून समोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हाला माइक कुठे लावलेला आवडेल?" तोफ निरुत्तर झाली. तसा प्रसंग तिच्या आयुष्यात तो एकच. त्या एका प्रश्नापायी तिने त्याच्याशी लग्न केलं.

दोघांनी घरामागच्या गॅरेजात रेकॉर्डिंगची खोली केली. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या, कोपऱ्यांत गाद्या उभ्या केल्या, फरशीवर जाड सतरंजी घातली. शेजारच्या अडगळीच्या खोलीत मिक्सर, कॉम्प्युटर आणि साउंडवाला एवढं मावायचं. चहाचा कप ठेवायचा तर साउंडवाल्याने कोपर उचलायचं. दोन खोल्यांच्या मध्ये काच. काचेच्या अलीकडे ती वाजवायची, पलीकडे तो ऐकायचा. संसार बराचसा असाच झाला.

साउंडवाला कामात पक्का होता, हे नाकारून चालणार नाही. ड्रमला तो तीनच माइक लावायचा. एक पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसमोर आणि दोन वर, वाजवणाऱ्याच्या डोक्याशी. स्नेअर म्हणजे मांडीशी असतो तो, खालच्या कातड्याला तारा लावलेला, चर्र वाजणारा ड्रम. वरचे माइक लावताना साउंडवाला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घ्यायचा, एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचा आणि दोरी ताणून दोन्ही माइक सारख्या अंतरावर आणायचा. कुणी कारण विचारलं, की प्रवचन सुरू. "आवाज म्हणजे हवेला बसलेला धक्का. तो एका माइकपाशी आधी पोचला आणि दुसऱ्यापाशी मागाहून, तर एक म्हणतो पुढे, दुसरा म्हणतो मागे. बंद पडलेली गाडी एकजण मागून ढकलतोय आणि एकजण पुढून, असं समजा. दोघं घामाघूम, गाडी जागच्या जागी. याला म्हणायचं फेज बिघडणं. दोन्ही माइक खरंच बोलतात, पण मिळून एकमेकांचं तोंड बंद करतात." तोफेला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. पाहुण्यांसमोर तो अडखळला तर तीच पुढचं वाक्य सांगायची.

गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, व्यायाम झाले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "मस्त जुळलंय. खुशाल वाजवा." घरी येऊन तिने तास दोन तास वाजवलं. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, तेव्हा तिची खात्री पटली की आपण बऱ्या झालो.

त्याच सुमारास ताईंची गाणी रेकॉर्ड करायची ठरली. ताई म्हणजे साउंडवाल्याची मोठी बहीण, तोफेची नणंद. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये उभी राहिलेली बाई, आता पहिल्यांदा स्वतःची गाणी गाणार होती. घरचाच स्टुडिओ, घरचीच ड्रमवाली. आणि या कामासाठी म्हणून साउंडवाल्याने नव्या माइकची पेटी आणली. आठ माइक, प्रत्येकाला स्पंजमध्ये कोरलेली जागा. पेटी आली त्या दिवशी तो जेवायला उठला नाही.

आठ होते म्हणून त्याने आठही लावले. मोठ्या ड्रमच्या आत एक, बाहेर एक. स्नेअरच्या वर एक, खाली एक. बाकीच्या ड्रमना दोन, आणि डोक्यावर दोन. डोक्यावरच्यांपैकी एक पंख्याला अडायला लागला, म्हणून तो जरा बाजूला सरकवला. दोरी काढली नाही. एवढे झकास माइक असताना दोरी कशाला? मग त्याने एकेक माइक वेगळा ऐकला, प्रत्येकाला मान डोलावली आणि काचेतून तिला खूण केली.

तिने पहिलं गाणं वाजवलं आणि ऐकायला आत आली. स्पीकरमधून जे आलं ते ऐकून ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पावडरच्या रिकाम्या डब्यावर कुणीतरी पेन्सिल आपटत होतं. ना पोट, ना वजन.

"हे मी नाही," ती म्हणाली. "तुझ्या माइकमध्ये काहीतरी गडबड आहे."

"अगं, कालच पेटीतून काढलेत. एकेक ऐकलाय मी. एकसे एक आहेत."

ताई दारात उभ्या होत्या.  आणि त्या दोघा भावंडांची नजर एकाच वेळी खाली वळून तिच्या डाव्या मनगटावर आली.

"दुखतंय का गं?" त्याने विचारलं.

"नाही."

"नाही, म्हणजे आमच्यापासून लपवू नकोस," ताई म्हणाल्या. "वयाचं असतंच की. मोडलेलं हाड ते, पहिल्यासारखं कसं होईल?"

इथून तिचे हाल सुरू झाले आणि ते प्रेमाने झाले, हीच तर संतापाची गोष्ट. कुणी तिच्यावर ओरडलं असतं तर तिने ते निस्तरलं असतं. ओरडणाऱ्यांना पाणी पाजण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. पण इथे सगळे जपत होते. साउंडवाला रोज संध्याकाळी मलमाची ट्यूब घेऊन शेजारी बसायचा आणि मनगट चोळून द्यायचा. ताईंनी दाबायला रबरी चेंडू आणून दिला. कुणी तिला पाण्याची बादली उचलू देईना. ती म्हणाली, मला काही होत नाहीये; तर दोघं एकमेकांकडे बघून समजूतदार हसायची. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ती तणतणत डॉक्टरांकडे गेली. नवा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहे. साउंडवाल्याने तो एक्स-रे खिडकीपाशी नेऊन बघितला, जणू तो हाडांचा डॉक्टर, आणि म्हणाला, "ताकद काय एक्स-रेत दिसते थोडीच?"

तिच्या हाताला आधार म्हणून त्याने जुने माइकही बाहेर काढले आणि आठांच्या जोडीला लावले. आता ड्रमभोवती स्टँडचं रान झालं. बसायला जायचं तर तोफेला पोट आत घ्यावं लागायचं. आणि आवाज आणखी बारीक झाला! जितके माइक वाढावेत तितकी ती दुबळी ठरत गेली. मग तिने जाड काठ्या आणल्या. खांद्यापासून हात उचलून मारायला लागली. स्नेअरचं कातडं फाटलं, दुसरं घातलं, तेही फाटलं. खोलीत उभं राहून ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी असा आवाज, आणि स्पीकरमधून पुन्हा तोच पावडरचा डबा. वाजवून बाहेर आली की घामाने निथळत असायची आणि साउंडवाला हळूच म्हणायचा, "दमलीस ना? राहू दे आज."

बाहेरही बातमी पसरली. वाईट बातमी कुणी मुद्दाम पसरवत नाही, काळजीनेच पसरवतात. ताई कुणाला तरी म्हणाल्या, आमच्या वहिनींचा हात गेला हो. नाटकवाल्यांनी दुसरा ड्रमवाला बघितला. हॉटेलवाल्यांचा फोन आला, "तुम्हाला त्रास नको म्हणून या खेपेला..." तोफेने पूर्ण ऐकलंच नाही. जन्मभर ज्या जागेसाठी ती भांडली, त्या जागेवरून तिला आता कुणी ओढून काढत नव्हतं. हात धरून, पाठीवर थोपटत उतरवत होते.

आणि एक दिवस तिने ते गाणं ऐकलं. ताई ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या, फोनवर त्यांचंच गाणं लावलं होतं. ड्रम भरदार, गोल, दणकट. तोफेच्या तोंडून नकळत "वा!" निघालं. मग दुसरं कडवं आलं आणि ती जागीच थांबली. त्या कडव्यात एका ओळीपाशी ताईंना श्वास पुरत नसे. त्यांना उसंत मिळावी म्हणून तिने तिथे स्नेअरवर बारीक बारीक टकटक भरली होती, कुणाला कळूही नये अशी. ती टकटक नव्हती. प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्यासारखा, हुबेहूब, तंतोतंत.

"ताई, हे कोण वाजवतंय?"

ताईंनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे तुला त्याने सांगितलं नाही? अगं, तुझ्या ठोक्यांच्या जागी कॉम्प्युटरचे ठोके बसवलेत त्याने. तुला वाईट वाटेल म्हणून बोलला नसेल. पण नाव तुझंच राहणार हं, काळजी करू नकोस."

नाव तुझंच राहणार. दुसऱ्याच्या ठोक्यांवर तिचं नाव चिकटवून वर काळजी करू नकोस म्हणायचं! तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. ती एक शब्द बोलली नाही, आणि तोफ बोलत नाही म्हटल्यावर ताईंनी भाजीसकट दुसऱ्या खोलीत जाणं पसंत केलं.

साउंडवाला एका शाळेच्या सभागृहाचे स्पीकर लावायला गेला होता. ती सरळ अडगळीच्या खोलीत शिरली, खुर्ची ओढली आणि मिक्सरसमोर बसली. इतकी वर्षं काचेतून आणि खांद्यावरून बघून कुठलं बटण कशाचं हे तिला माहीत होतं. तिने मशीनचे ठोके बंद केले आणि स्वतःचं, खरं वाजवलेलं गाणं लावलं. पुन्हा तो डबा. "कोण खातंय रे माझा आवाज?" ती त्या बटणांनाच विचारत होती. एकेकाला समोर घेऊन दरडावायचं तिने ठरवलं. सगळे माइक बंद केले आणि स्नेअरच्या वरचा एकटा चालू केला.

तो चाबकासारखा वाजला. ही तर ती! तिने तो बंद केला आणि खालचा चालू केला. तोही छान, तारांची चर्र स्वच्छ. मग दोन्ही एकत्र चालू केले, आणि ठोक्याचं पोटच गळून पडलं. तिने खालचा बंद केला; पोट परत आलं. चालू केला; गेलं. डोक्यावरच्या दोघांचंही तेच. हा एकटा चांगला, तो एकटा चांगला, दोघं मिळून स्नेअर गायब. ती चालू-बंद, चालू-बंद करत राहिली. तिला आता रडू येत होतं, पण राग इतका होता की रडायला फुरसत नव्हती.

दारात साउंडवाला उभा होता. वायरींचं वेटोळं खांद्यावर तसंच. त्याने बराच वेळ ऐकलं असणार, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो पुढे आला, वाकला आणि खालच्या माइकचं उलटं करायचं बटण दाबलं. वरून ठोका बसतो तेव्हा कातडं वरच्या माइकपासून दूर पळतं आणि खालच्याच्या अंगावर धावतं. दोघांचं म्हणणं उलट होतं, म्हणून खालचा माइक मिक्सरवर उलटवायचा असतो. हे त्याला तोंडपाठ होतं. बटण दाबलं मात्र, स्पीकरमधून स्नेअर धाडकन बाहेर आला.

आणि साउंडवाला हसला! लहान मुलासारखा हरखून म्हणाला, "ऐकलंस? अगं, सापडलं! फेजच होती!"

"खाली बस," तोफ म्हणाली.

तो वायरींसकट बसला.

"हा वरचा माइक एकटा ऐकला होतास ना? कसा होता?"

"दमदार."

"आणि खालचा?"

"तोही... चांगलाच."

"मग त्या दमदार आवाजात हात कुणाचा होता?"

साउंडवाला खांद्यावरच्या वायरी सोडवायला लागला.

"म्हणजे चांगलं वाजलं तर माइक चांगला, आणि वाईट वाजलं तर हात वाईट. असंच ना? अरे, तुला माहीत नसतं तर मी सोडून दिलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडी ढकलायची गोष्ट सांगतोस तू! मी म्हटलं, माझ्या हाताला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, काही झालं नाही. दोन एक्स-रे म्हणाले. आणि तू रोज संध्याकाळी माझं मनगट चोळत बसलास. तेवढ्या वेळात एकदा उठून दोरी घ्यावीशी वाटली नाही?"

"मला वाटलं, तुला बोललो तर तुला वाईट वाटेल..."

"मला वाईट वाटू नये म्हणून मलाच पुसून टाकलंस?"

 यावर त्याने उत्तर दिलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्याने दिलंच. म्हणाला, "पण ते मनगट मोडलं होतं ना, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही." आणि हे मात्र अगदी खरं होतं. खापर फोडायला जागा तयार असली, की माणूस स्वतःच्या हाताखाली बघत नाही. तोफेला हे कळत होतं, आणि कळल्यामुळे राग तसूभरही कमी होत नव्हता.

"ताई एव्हाना त्यांच्या घरी पोचल्या असतील. त्यांना फोन लाव," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

त्याने लावला, स्पीकरवर ठेवला. "ताई, ते ड्रमचं जरा... थोडी तांत्रिक अडचण होती."

तोफेने फक्त त्याच्याकडे बघितलं. त्याने घसा खाकरला. "म्हणजे चूक माझी होती. मी माइक तपासलेच नाहीत. हिचा हात पहिल्यापासून ठीक होता."

"अगंबाई, हो का? बरं झालं बाई!" पलीकडून ताईंचा आवाज आला, मनापासून आनंदलेला. "पण मशीनचं किती छान वाटतंय रे. आता कानाला सवय झाली. तेच राहू दे की. वहिनीलाही कशाला पुन्हा त्रास?"

एरवी तोफेने फोन हिसकावून घेतला असता. आज ती हाताची घडी घालून बसून राहिली. ही लढाई तिने लढायची नव्हती.  साउंडवाल्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा फोनकडे, आणि म्हणाला, "नाही ताई. ते मी काढून टाकतोय. तीच वाजवणार. आणि हात गेला म्हणून ज्यांना ज्यांना सांगितलंय, त्यांना तू सांग, नाहीतर मी सांगतो."

 ताई म्हणाल्या, "बरं. कुणाकुणाला बोलले ते आठवायला हवं." आठवायला हवं, इतक्या जणांना!

दुसऱ्या दिवशी साउंडवाल्याने अख्खा ड्रमचा संच ओढून पंख्याखालून बाहेर काढला. जुने माइक आधार म्हणून लावले होते ते सगळे उतरवले. दोरी आणली, गुडघ्यावर बसला आणि वरचे दोन माइक स्नेअरपासून सारखे करून घेतले. मग एकेक न ऐकता जोडी-जोडीने ऐकले, सगळे मिळून एकाच स्पीकरवर ऐकले, बटण उलटसुलट करून जिथे ठोका भरतो तिथे ठेवलं. प्रत्येक वेळी तिला विचारत होता, "हे बरोबर वाटतंय?" ती "हं" म्हणत होती, त्यापलीकडे काही नाही.

मग ती बसली, आकडे मोजले आणि डावा हात उचलला.

पहिल्याच ठोक्याला मनगटातून कळ निघाली ती कोपरापर्यंत गेली. काही दिवस सकाळी उठताना तिथे जळजळायचं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जाड काठ्या, फाटलेली कातडी, खांद्यापासून उचललेले ते सगळे ठोके. धडधाकट मनगट होतं ते! त्यांनी संशय घेतला, आणि तो खोटा पाडता पाडता तिने ते स्वतःच्या हाताने नासवलं होतं. आणि आता हे सांगायची सोय उरली नव्हती. सांगितलं तर ताई म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हते? कालचा सगळा खरेपणा एका वाक्यात वाहून जाणार.

एक ठोका चुकला. हेडफोनमध्ये साउंडवाल्याचा आवाज आला. "थांबलीस का? दुखतंय का गं?"

"नाही," ती म्हणाली.

या खेपेला त्याने लगेच विश्वास ठेवला.

"मग घेऊ या," तो म्हणाला, "पहिल्यापासून."